दुसऱ्या अंकातलं जेवण

शैला बोडस आइंडहोवनला आली तेव्हा तिच्या कागदपत्रांवर ‘अवलंबून असलेली पत्नी’ असं लिहिलेलं होतं, आणि ते तिला चांगलंच झोंबलं होतं. सांगलीत वाढलेली, पुण्यात फ्रेंचमध्ये एम. ए. केलेली, एका शाळेत सहा वर्षं मुलांकडून फ्रेंच क्रियापदं घोकून घेतलेली बाई ती. कुणावर अवलंबून राहण्यातली नव्हतीच. नवरा श्यामकांत चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीत इंजिनियर होता. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “यांनी उलटं लिहिलंय. मला तर साधा कुकर लावता येत नाही.”

दोन वर्षांत तिने डच भाषा अशी आत्मसात केली की बाजारातला मासेवाला तिला बेल्जियमची समजायचा. गुंजनचा जन्म झाला, जवळच्याच न्यूनेन गावात छोटं घर झालं, आणि गुंजन शाळेत रमल्यावर, अडतिसाव्या वर्षी, शैलाने पुन्हा वह्यापुस्तकं काढली. शिक्षण पुरं करून ती गावातल्या हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घ्यायला लागली. सकाळी आठपासून लोक आपापली दुखणी सांगायचे आणि कुणाला आज बोलवायचं, कुणाला उद्या, हे ती ठरवायची. डॉक्टर म्हणायचे, शैलाचा कान माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा तिखट आहे. पुढे हेच वाक्य तिला सगळ्यात जास्त छळणार होतं.

श्यामकांत अतोनात भिडस्त माणूस. बसमधून उतरताना ड्रायव्हरला धन्यवाद देऊन वर हातही हलवणार. कुणाकडे गेला तर ताटलीतल्या शेवटच्या पेढ्याला हात लावणार नाही. सासूबाईंशी, लीलावतीबाईंशी, फोनवर बोलताना उठून उभा राहणार. पण याच माणसाने कॉलेजात असताना एकांकिका गाजवल्या होत्या. अंगावर दुसऱ्याचे कपडे चढले की त्याची भीड कुठच्या कुठे जायची. लग्नाआधी शैलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एका फौजदाराच्या भूमिकेत, आणि नंतर ओळख करून द्यायला आणला तेव्हा तिला वाटलं, हा त्याचा धाकटा भाऊ असेल.

२०२१च्या एप्रिलात सांगलीला लीलावतीबाई गेल्या. साथीचे दिवस, विमानं बंद. आईचं शेवटचं दर्शन शैलाने फोनच्या पडद्यावर घेतलं. पडदा काळा झाल्यावर ती तशीच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिली. श्यामकांत आत आला, गॅसकडे पाहिलं, आणि म्हणाला, “आज आमटी नाही का?”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने मान वर करून पाहिलं. तो खरोखरच आमटीची वाट बघत उभा होता.

त्यानंतर तीन आठवडे ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. गुंजनच्या खोलीत गादी टाकून झोपली. तो मनवायला येईल, निदान दारात घुटमळेल असं तिला वाटत होतं. तो आला नाही. शेवटी तीच थकली आणि बोलायला लागली. माणसं दुःखाला घाबरली की काहीतरी भलतंच बोलतात, असं तिने स्वतःला समजावलं.

त्या हिवाळ्यात मन कशात तरी गुंतवायचं म्हणून तिने एक जुनं काम उकरून काढलं. पुण्यात शिकताना एक फ्रेंच नाटक तिला फार आवडलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं, तीन अंकी, हलकंफुलकं. पॅरिसचा एक नामवंत नट दौऱ्यावर असताना एका लहान गावी मोठ्या घरात पाहुणा म्हणून उतरतो. घरमालकाची पुतणी त्याच्यावर इतकी भाळते की ठरलेलं लग्न मोडायला निघते. काका नटाचे पाय धरतो: काहीही करा, पण पोरीच्या मनातून उतरा. नट कबूल होतो. दुसऱ्या अंकात तो भर पंगतीत असा काही वागतो की विचारू नका. लोकांच्या ताटातलं उचलून खातो, यजमानिणीच्या वयावर बोलतो, ढेकर देतो, घोरतो. पोरीचं मन विटतं. तिसऱ्या अंकात तिला खरं कळतं, तो तिची क्षमा मागतो, आणि सगळं गोड होतं.

शैला दररोज दुपारी चार पानं मराठीत आणायची. रात्रीची जेवणं आटोपली की श्यामकांत ती मोठ्याने वाचायचा. ती त्याच्या तोंडून वाक्य ऐकून शब्द बदलायची. “‘महाशय’ नको, ‘अहो साहेब’ म्हणून बघ.” तो म्हणून बघायचा. दहादा सांगितलं तर दहादा. बाहेर बर्फ, आत चहा, आणि समोर नवरा आपली वाक्यं बोलतोय. तीन आठवड्यांचा तो अबोला तिच्या मनातून हळूहळू निघून गेला. संसारातले हे सगळ्यात चांगले चार महिने, असं तिने त्या वेळी मैत्रिणीला फोनवर सांगितलंही होतं.

नाटकाचं नाव ठेवलं ‘नट आला पाहुणा’. आइंडहोवनच्या मराठी मंडळाने ते उचलून धरलं. दिग्दर्शन दिनकरने घेतलं. चाळिशीचा, भलता उत्साही माणूस, दिवसा सॉफ्टवेअर आणि उरलेल्या वेळात मंडळ. पुतणीचं काम कीर्तीकडे आलं. ती विद्यापीठात संशोधन करत होती. आणि नटाचं काम अर्थातच श्यामकांतकडे.

रविवारी सकाळी न्यूनेनच्या समाजमंदिरात तालमी व्हायच्या. पहिल्या अंकात श्यामकांत जेमतेम होता. पाठांतर पक्कं, पण बोलणं सपाट. जेवणाचा प्रवेश आला की मात्र तो सगळ्यांना गार करायचा. एके रविवारी त्याने लिहिलेलं नसताना घरमालकाच्या ताटातली पोळी उचलून खिशात घातली. पुढच्या रविवारी यजमानिणीच्या पदराला हात पुसले. बाकीचे कलाकार हसून बेजार. दिनकर खुर्चीवरून उडी मारून ओरडायचा, “हेच पाहिजे, श्यामदादा! अजून वाढवा! अजून!”

तिसऱ्या अंकातला क्षमेचा प्रवेश काही केल्या जमत नव्हता. श्यामकांत ती वाक्यं बसचं वेळापत्रक वाचावं तशी वाचायचा. दिनकर म्हणाला, “तो होईल. प्रेक्षक आले की आपोआप होईल.”

घरी तो पाकीट उघडून एका बैठकीत सगळी बिस्किटं संपवायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्या कॉर्नेलियाबाई नवऱ्याच्या अंत्यविधीहून परतल्या, तेव्हा त्यांच्या दारातल्या सायकलीकडे बोट दाखवून कुंपणावरून त्याने विचारलं, “तुमच्या नवऱ्याची फीत्स आता विकणार का?” शैलाला धरणी दुभंगावी असं झालं. तिने त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, नाटकाच्या तालमी चालल्यात, तो भूमिकेतून बाहेरच येत नाही असं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाही ते पटलं.

गुंजन तेव्हा ग्रोनिंगनला विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. एका शनिवारी ती रडत रडत फोनवर सांगत होती की परीक्षेत नापास झाले, वर्ष वाया जाणार. श्यामकांत हसला. मोठ्याने, मजेत. मग फोन टेबलावर ठेवून फ्रिजकडे गेला. शैलाने फोन उचलला तेव्हा पलीकडून गुंजन डचमध्ये विचारत होती, “आई, बाबांना काय झालंय?”

शैला तरातरा स्वयंपाकघरात गेली. “पुरे झालं तुझं नाटक!”

“कुठलं नाटक?” श्यामकांतने विचारलं. चेहरा अगदी साधा होता. तिला वाटलं, हा मुद्दाम आपला अंत पाहतोय.

२०२२च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी प्रयोग झाला. सव्वादोनशे माणसं. ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातून दोन गाड्या भरून लोक आले होते. शैला विंगेत संहिता घेऊन बसली होती. संहितेची तिला गरज नव्हती, सगळं नाटक पाठ होतं.

दुसरा अंक अफाट रंगला. श्यामकांतने भात हाताने उधळला, घरमालकाची टोपी काढून तिच्यात कोशिंबीर ओतली, आणि घोरायचा प्रवेश इतका लांबवला की हशा थांबेना. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहिले होते.

तिसऱ्या अंकात रंगमंचावर जेवणाचं तेच टेबल, उरलेलं अन्न तसंच. नटाने तिथे बसायचं नव्हतं. कीर्तीसमोर उभं राहून बोलायचं होतं. श्यामकांत आला आणि सरळ टेबलाशी बसला. लाडू उचलला. कीर्तीने तिचं वाक्य म्हटलं. तो खात राहिला. शैलाने विंगेतून वाक्य दिलं, “‘मी जे केलं ते...’” त्याने तिच्याकडे पाहिलं. वाक्य त्याला येत होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याला ते म्हणावंसं वाटत नव्हतं, इतकंच. दुसरा लाडू. तिसरा.

प्रेक्षक आधी हसले. मग हसणं विरळ होत गेलं. श्यामकांत उठला, पायऱ्या उतरला, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या हातातला बटाटेवडा काढून घेऊन खाऊ लागला.

कीर्तीने डोकं शांत ठेवलं. ती पुढे येऊन प्रेक्षकांनाच म्हणाली, “त्यांना बोलायला जड जातंय. त्यांना म्हणायचं होतं की मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी.” त्याची वाक्यं तिने एकेक करून स्वतः म्हटली, मग आपलीही म्हटली, आणि नाटक कसंबसं शेवटाला नेलं. टाळ्या झाल्या. काहींना तो नवा प्रयोग वाटला, कुणी तर फारच धाडसी शेवट म्हणालं.

गाडीत बसल्यावर शैलाने विचारलं, “श्याम, काय झालं रे?”

“भूक लागली होती.”

“मी तिथे बसले होते. तुला वाक्य देत होते.”

“हो. ऐकलं मी.” आणि जरा वेळाने, “लाडू चांगले होते.”

त्याच क्षणी शैलाला कळलं. कळलं म्हणजे रोगाचं नाव नव्हे. रोज फोनवर परक्या माणसांना ती जे प्रश्न विचारायची ते सगळे एकदम तिच्यासमोर उभे राहिले. कधीपासून? वाढतंय का? आधी असे होते का? तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. श्यामकांतने कुठे थांबलो, का थांबलो, काही विचारलं नाही.

तपासण्यांना हिवाळा गेला. दवाखान्यातले तिचेच डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट, मेंदूचे फोटो. फेब्रुवारीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं. मेंदूचा पुढचा भाग झिजतो आहे. याला औषध नाही. या आजारात स्मरणशक्ती शाबूत राहते बराच काळ. आधी जातं ते दुसऱ्याचं मन ओळखणं, लाजणं, वाईट वाटणं.

“कधी सुरू झालं असेल?” शैलाने विचारलं.

“तीन वर्षं, कदाचित चार.”

तिने मनातल्या मनात हिशेब केला, आणि स्वयंपाकघरातली ती खुर्ची, तो काळा पडदा, ‘आज आमटी नाही का’ हे सगळं तिच्यासमोर आलं. तो तेव्हाच आजारी होता. तीन आठवडे ती एका आजारी माणसाशी बोलली नव्हती. आणि त्यानंतरचा तो हिवाळा? चहा, बर्फ, ‘अहो साहेब’? दहादा सांगितलं तर दहादा वाचणारा तो माणूस तिच्यासाठी वाचत होता, की नुसता वाचत होता? हे तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. त्यांच्याकडे त्याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत श्यामकांत टेबलावरच्या वाटीतली पेपरमिंटं खात होता. वाटी रिकामी झाल्यावर त्याने विचारलं, “निघायचं का?”

ही बातमी शैलाने पहिल्यांदा उच्चारली ती एका अनोळखी माणसापाशी. बुइटनव्हेल्डर्टहून कुणी विश्वास नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते प्रयोगाला आले होते. “काय काम करतात हो तुमचे मिस्टर! तो जेवणाचा प्रवेश! अहो, हसून हसून माझ्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आमच्याकडे मे महिन्यात प्रयोग करा की.”

“ते काम करत नव्हते,” शैला म्हणाली.

“म्हणजे?”

“तो आजार होता. तुम्ही पाहिलंत तो आजार होता. आम्हाला कुणालाच कळलं नाही.”

मग विश्वास हळूच म्हणाले, “बाई, मी हसलो हो. फार हसलो.”

“मीही हसले होते,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.

दिनकर घरी आला. सोफ्याच्या टोकाला बसून हातरुमाल चुरगाळत राहिला. “शैलाताई, मीच ओरडायचो, वाढवा, अजून वाढवा.” तिने त्याला समजावलं. त्याला समजावणं सोपं होतं. “मी सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर राहतेय, दिनकर. तू रविवारी दोन तास.”

कंपनीतून कळलं की दीड वर्षापासून त्याच्या कामाबद्दल तक्रारी होत्या, बैठकी झाल्या होत्या. श्यामकांतने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

पुढची दोन वर्षं शैलाने त्याला घरी सांभाळलं. दवाखान्यात तिने आपणहून फोनचं काम सोडून फायलींचं घेतलं. डॉक्टरांनी कारण विचारलं. “मला आता माझ्या कानावर विश्वास नाही,” ती म्हणाली. तिने कपाटांना कुलपं लावली. सुपरमार्केटात तो पाकिटं फोडून खायचा, तेव्हा तिथल्या मुलींना ती आधीच जाऊन सांगून ठेवायची. गुंजन दर पंधरवड्याला चार तासांचा प्रवास करून यायची. एकदा ती बाबांसमोर गुडघ्यावर बसली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “बाबा, मी रागावली होती तुझ्यावर. फोनवर हसला होतास ना. आता नाही राग.” तो तिच्या डोक्यावरून टीव्हीकडे बघत होता. ती मान खाली घालून तशीच बसली. शैलाला जाऊन टीव्ही बंद करावा की पोरीला उठवावं हे सुचेना. तिने यातलं काहीच केलं नाही.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये तो एका सकाळी चप्पल न घालता कालव्यापर्यंत चालत गेला आणि पोलिसांनी आणून सोडला. त्यानंतर खमेन्तेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बाई आल्या, फॉर्म भरले गेले, आणि ऑगस्टमध्ये त्याला अशा रुग्णांच्या निवासात जागा मिळाली. त्या दिवशी शैलाने त्याची बॅग भरली. सदरे, स्वेटर, दाढीचं सामान. निघताना तो मुकाट्याने गाडीत बसला. ‘कुठे’ असं विचारेल आणि आपल्याला खोटं बोलावं लागेल, म्हणून तिने एक उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने विचारलंच नाही. ते न विचारणंच तिला सहन झालं नाही.

आता ती मंगळवार, गुरुवार आणि रविवार त्याच्याकडे जाते. फीत्सने पस्तीस मिनिटं लागतात. तो खिडकीशी बसलेला असतो. तिला पाहून उठत नाही, हसत नाही. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढते, त्याची नखं कापते, गुंजनचं सांगते. गुंजन पास झाली, तिला एक मित्र आहे, तो डच आहे आणि भाकरी थापायला शिकतोय. श्यामकांत ऐकतो की नाही, कळत नाही. शब्द आता फार थोडे उरलेत.

मार्चमधल्या एका गुरुवारी तिथे नवीन परिचारिका आली होती. तिने श्यामकांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि सोप्या इंग्रजीत विचारलं, “या कोण आहेत?”

शैलाला हा प्रश्न नको होता. आजवर तिने तो कुणाला विचारू दिला नव्हता. उत्तर आलं नाही तर निदान कारण सांगता येतं. चुकीचं आलं तर काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

श्यामकांतने तिच्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाला, “ती येते.”

“काय म्हणाले ते?” परिचारिकेने विचारलं.

बाहेरच्या खोलीत सूप वाढायला घेतलं होतं, वाट्यांचा आवाज येत होता. शैला त्याला हाताला धरून तिथे घेऊन गेली, त्याच्या गळ्याशी रुमाल बांधला, आणि त्याचं सूप संपेपर्यंत शेजारी बसून राहिली.